पोच दिली की!

"हॅलो? … हॅलो? प्रांजल? … अगं, माझा आवाज येतोय का? … तुझा न्हाई येत. नुसती खरखर ऐकू येतीया. शेडच्या बाहेर ये आधी … बाहेर, बाहेर! पत्र्याखाली रेंज नसती, हे तुला काय आज कळतंय का? लिंबाखाली जा … गेलीस? … हां, आता बोल. न्हाई, तू बोलू नको. मी इचारते तेवढंच सांग."

राजनंदिनी उभ्यानंच बोलत होती. उंब्रजच्या दूध संघाच्या वरच्या मजल्यावर तिची काचेची खोली, आणि खोलीत संघाचा सर्व्हर. संघाची दूध गार करायची केंद्रं पार आटपाडीपर्यंत पसरलेली. प्रत्येक केंद्रातल्या कूलरचं तापमान किती, त्यात दूध किती, वीज आहे का, नेट चालू आहे का, ही चौकशी सर्व्हर रात्रंदिवस करत बसायचा. उत्तर वाकडं आलं की पडद्यावर त्या केंद्राची ओळ लाल व्हायची, घंटा वाजायची आणि केंद्रावरच्या माणसाच्या फोनवर मेसेज जायचा. ही सगळी मांडणी राजनंदिनीची. आज सकाळी ती कामावर आली तेव्हा पडदा शांत होता. तिने निवांत डबा ठेवला, पाणी प्यायलं, आणि मग सहज आटपाडीच्या ओळीकडे नजर गेली. ती ओळ लाल नव्हती, पण हिरवीही नव्हती. राखाडी होती. आणि त्या राखाडी रंगात तापमानाचा आकडा होता अकरा. दूध टिकायचं तर तो चारच्या वर जायला नको. तिने लगेच आटपाडी केंद्र सांभाळणाऱ्या तात्याबांच्या सुनेला, प्रांजलला फोन लावला होता.

"कूलरच्या डब्यावर किती दावतंय? … अगं, तू लिंबाखाली हायस हे कळतंय मला, मीच पाठवलंय! जा, बघ आणि परत ये. फोन ठिवू नको … पळ की!"

ती नखाने टेबल खरवडत राहिली. पलीकडून चपलांचा आवाज, मग कॅनांचा खणखणाट, मग कुणीतरी कुणाला तरी रांगेत नीट उभं राहायला सांगतंय, मग परत चपला.

"… किती? … अकरा? नक्की? … म्हंजे सर्व्हर खरं बोलतोय. प्रांजल, दूध गार कराय ठेवलंय का विरजाय? … मला उन्हाळा नको सांगू! उन्हाळा उंब्रजात बी हाय! … कॉम्प्रेसर चालू हाय का? घरघर येती का त्याची? … न्हाई येत? कवापास्नं? … माहीत न्हाई. झ्याक! … लाइट हाय का? … हाय? बल्ब पेटलाय? … पंखा? … पंखा बी फिरतोय. मंग त्या कॉम्प्रेसरला काय धाड भरली?"

पडद्यावर आटपाडीची वीज हिरवीगार होती. वीज आहे, नेट आहे, सगळं छान आहे, फक्त दूध तापतंय. राजनंदिनीला त्या हिरव्या ठिपक्याचा असा संताप आला की तिने पडद्यालाच एक टिचकी मारली.

"थांब, थांब. पॅनेलवर तीन बारके दिवे असत्यात बघ. लाल, पिवळा, निळा … हां, भिंतीवरच्या पेटीवर. किती पेटल्यात? … अगं जा की मंग! परत जा! … काय? दम लागला? दूध नासल्यावर निवांत बसून दम खा!"

पुन्हा चपला.

"… दोन? कुठला न्हाई? … निळा. आगं बया! एक फेज गेलीया, प्रांजल! … आगं लाइट हाय, पण तिनातली दोनच फेज हायत! बल्बाला एक पुरती. कॉम्प्रेसरला तिन्ही लागत्यात … व्हय, म्हणून पंखा फिरतोय! पंख्याचं नाव घेऊ नको आता!"

तिला स्वतःचीच चूक दिसली आणि तिने दात आवळले. सर्व्हरला विजेची खबर देणारी बारकी पेटी बल्बाच्याच तारेवर लावलेली होती. ती तार जिवंत, म्हणून ती इमानेइतबारे 'वीज आहे' म्हणून सांगत राहिली. पेटी लावायला गेलेला माणूस संघाचाच, पण कुठे लावायची हे सांगायला ती स्वतः गेली नव्हती. आटपाडी लांब आहे, ऊन फार आहे, असं काहीतरी तेव्हा वाटलं होतं.

"जनरेटर लाव. आत्ताच्या आत्ता. डिझेल हाय का? … हाय. चावी? … तात्याबांच्या कनवटीला? मंग तात्याबा कुटं हायत? … दूध घेत्यात?"

ती खोलीच्या काचा हादरतील अशी ओरडली.

"म्हंजे अजून दूध वतायचं चालूच हाय? … अगं, त्या अकरावर तुमी धारोष्ण दूध वतताय! रात्रीचं सगळं दूध हाय त्यात! बंद करा! … मंग लोकांस्नी सांग, कॅन हौदात ठेवा. पाण्यात. वर ओलं गोणपाट टाका … बोंबलू देत. दूध नासलं तर ह्याच्यापेक्षा मोठ्यानं बोंबलत्याली. जा, पर शेडच्या दारातच थांब, तितं रेंज येती. फोन कानालाच ठेव. मला ऐकू आलं पायजे."

राजनंदिनी एवढी का पेटली, हे प्रांजलला पुरतं माहीत होतं. मागच्या उन्हाळ्यात आटपाडीचं एक टँकर दूध उंब्रजला पोचेपर्यंत फाटलं होतं. तेव्हा संघाच्या मीटिंगमध्ये ठरलं, पुन्हा एकदा असं झालं की आटपाडी केंद्राला कुलूप. पूर्वेकडच्या वाड्या-वस्त्यांनी आपलं दूध लांबच्या केंद्रावर नेऊन घालावं नाहीतर घरात ठेवावं. म्हशी-गायी बांधून नुकत्याच स्थिरावलेल्या मेंढक्यांच्या घरांचा त्यात निकालच लागला असता. त्या मीटिंगमध्ये, मोठमोठ्या मिशावाल्या संचालकांच्या समोर, राजनंदिनीने उभं राहून सांगितलं होतं की माझा सर्व्हर आटपाडीवर डोळ्यांत तेल घालून बसेल, केंद्र बंद करू नका. तिच्या शब्दावर केंद्र राहिलं होतं. आज ते दूध गेलं, तर केंद्र गेलं आणि तिचा शब्दही गेला.

"… हॅलो? काय झालं? … चेंजओव्हरचा खटका वडला का, लाइनीवरनं जनरेटरवर घ्यायचा? आधी त्यो खाली वडा, मंग चावी … तात्याबांना सांग, आधी चेंजओव्हर! … हां … हां … न्हाई लागला? परत मारा … परत … अगं रडती कशाला? बॅटरी उतरली असंल, हँडल मारायला सांग कुणाला तरी. एवढे बापई उभं हायत तितं कॅन घिऊन, एकाला बी हँडल मारता येत न्हाई व्हय? …"

फोनमधून एक फुरफुर आली, विझली, पुन्हा आली, आणि मग जनरेटर असा काही धडधडला की तिने फोन कानापासून लांब धरला.

"लागला! … लागला ना? कॉम्प्रेसर? … हाय आवाज? … बघ, हात लावून बघ, थरथरतोय का … बरं. बरं. बस आता तितंच. आकडा सांगत ऱ्हा … दहा पॉइंट आठ. हां. उतरतोय. उतरंल."

ती पहिल्यांदा खुर्चीत बसली. इथं एखादीने देवाचं नाव घेऊन चहा मागवला असता. पण राजनंदिनीचा राग काम होईपर्यंत दम धरून असायचा आणि काम झालं की मग खरा वर यायचा. तिच्या आईला हे ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं, आणि आता आटपाडी केंद्रालाही कळणार होतं.

"प्रांजल, आता मला एक सांग. सर्व्हरनं मेसेज धाडले का न्हाई तुमाला? … न्हाई, तुझ्या न्हाई, केंद्राच्या फोनवर. तात्याबांच्याकडं असतोय त्यो … मंग? … मी सांगते. हितं दिसतंय मला. रातभर धाडल्यात. आणि दर मेसेजच्या पुढं काय लिवलंय ठाव हाय का? 'पोच दिली, तात्याबा.' 'पोच दिली, तात्याबा.' खालपतूर त्येच! म्हणून ओळ राखाडी झाली. म्हणून घंटा वाजली न्हाई. म्हणून मी येडी हितं पाणी पीत बसले! … तुझं सासरं असत्याल! दे त्यांस्नी फोन … मी न्हाई ओरडत. दे म्हंते ना."

या सर्व्हरची घडण इंग्रजी. मेसेजखाली एक बटण असायचं, 'अक्नॉलेज'. ते आहे तसंच ठेवावं, असं तिचे साहेब, वीरधवल सर म्हणत होते. राजनंदिनी त्यांच्याशी भांडली. केंद्रावरच्या माणसांना आपल्या भाषेत कळायला नको का? तिने सगळी बटणं मराठीत केली आणि त्या बटणावर लिहिलं, 'पोच द्या'. सर्व्हरच्या लेखी पोच दिली म्हणजे, 'मी आता बघतो, कामाला लागलोय, तू ओरडू नकोस.' मग सर्व्हर बिचारा घंटा बंद करायचा, लाल रंग पुसायचा आणि माणसावर भरवसा टाकून गप्प बसायचा.

"हॅलो, तात्याबा? … व्हय, राजनंदिनी. उंब्रजास्नं … बरी हाय मी … आई बी बरी हाय … व्हय, गुडघं दुखत्यात तिचं अजून. तात्याबा, ते ऱ्हाऊ द्या! रात्री मेसेज आला व्हता का तुमाला? … आला व्हता. मंग काय केलं? … पोच दिली. परत आला? … परत दिली. आवं, वाचलं का त्यात काय लिवलंय? … वाचलं! 'कूलरचं तापमान वाढलं' आसं वाचलं, पोच दिली, आणि मंग? … मंग चष्मा काढून ठिवला."

तिने कपाळाला हात लावला.

"तात्याबा, पोच का दिली तुमी? … निरोप आला म्हणून. आवं, निरोप न्हाई त्यो! बोंब हाय बोंब! घर पेटल्यावर मारत्यात तसली! … काय? … सोयऱ्यानं चिठ्ठी धाडली तर पोच देतो … देता, मला म्हाईत हाय … बियाणाची पिशवी आली तरी देता … आवं, पर ही काय सोयऱ्याची चिठ्ठी हाय का? … मराठीत पोच म्हंजे मिळालं, आसंच हाय? तुमी मला मराठी शिकवू नका आता! तितं पोच म्हंजे मिळालं न्हवं. पोच म्हंजे मी उठलो, कूलरकडं गेलो, बघितलं! … लिवलेलं न्हाई तसं? …"

लिहिलेलं नव्हतंच. एक शब्द लिहिलेला होता, आणि त्या शब्दाचा अर्थ तात्याबांनी जन्मभर पाळलेला होता. मेंढरं घेऊन चार-चार महिने मुलखाबाहेर फिरणारा माणूस. घरून सांगावा आला की आणणाऱ्याजवळ उलट पोच धाडायची, नाहीतर घरची माणसं काळजीनं मरतील. पोच न देणं हे त्यांच्यात अडाणीपणाचं नव्हे, निगरगट्टपणाचं लक्षण. राजनंदिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्या घडीला तिने ऐकून घेतलं नसतं.

"… काय म्हंता? रोजच येतोय? … सकाळ-सांज दूध वतलं की येतोय, आणि घटकाभरानं आपआप गप हुतोय … म्हणून तुमाला वाटलं ह्यो बी तसलाच. व्हय का?"

हे मात्र तिला लागलं. कूलरमध्ये ताजं गरम दूध पडलं की आकडा थोडा वेळ चढायचाच, आणि सर्व्हर फुकटचा बोंबलायचा. जरा दम धर, दूध ओतायच्या वेळी लगेच ओरडू नको, एवढं त्याला शिकवायचं राहून गेलं होतं. उद्या करू, परवा करू. रोज खोटी हाक ऐकून माणसाचा कान मरतो, आणि हा कान तिनेच मारला होता. आपलीच चूक दिसायला लागली की काही माणसांचा आवाज खाली येतो. राजनंदिनीचा वर गेला.

"रोज येतोय म्हणून बघायचं न्हाई? तुमाला केंद्र दिलंय ते काय बटणं दाबाय दिलंय? हितं मी लोकांच्या म्होरं शब्द टाकलाय तुमच्यासाठी! नासलं आसतं दूध म्हंजे कळलं आसतं! कुलूप लागलं आसतं दाराला! तात्याबा, तुमाला काय पोच हाय का न्हाई?"

शब्द तोंडातून गेला. तोच शब्द, पण दुसऱ्या अर्थाने. या भागात माणसाला 'पोच नाही' म्हणणं म्हणजे त्याची अक्कल, त्याचं वळण, त्याच्या आई-बापांनी शिकवलेलं सगळंच काढणं. आणि समोर तिच्या वडलांच्या वयाचा माणूस.

पलीकडे नुसता जनरेटर धडधडत होता. तिने थांबायला हवं होतं, पण उतारावरची गाडी होती ती.

"आजपास्नं पोच द्यायची न्हाई! मेसेज आला तरी त्या बटणाला बोट लावायचं न्हाई! उठायचं, कूलरकडं जायाचं, काय आसंल ते करायचं! पोचबिच काय नगं मला तुमची! … हॅलो? … तात्याबा? … कोण, प्रांजल? … तात्याबा कुटं गेलं?"

आता पलीकडून प्रांजल बोलत होती, आणि ती रडत नव्हती. राजनंदिनीने फोन या कानाचा त्या कानाला केला.

"… व्हय, बोलले … व्हय, तसं बोलले. रागाच्या भरात … अगं ऐक ना … प्रांजल, ऐक की माझं … तुझं सासरं हायत, मला कळतंय … चार माणसांत? फोनचा आवाज बाहेर येत व्हता? मला काय ठाव सगळी रांग ऐकतीया! … काय? … काय म्हणत व्हते ते?"

ती ऐकत राहिली.

"… मी जागी हाय आसं वाटलं त्यांस्नी? … अगं, त्यो सर्व्हर हाय. मशीन हाय. मी कशाला रातभर … मी तर घरी झोपले व्हते! … मेसेज मीच धाडतीया? … 'उंब्रजची पोरगी आपल्या दुधापायी जागी हाय, तिला पोच दिली म्हंजे तिचा बी डोळा लागंल' … आसं म्हणत व्हते?"

रात्रीत इतक्या वेळा तो म्हातारा उठला होता, उशाचा चष्मा शोधला होता, अंधारात फोन डोळ्यांजवळ धरून ते बटण शोधलं होतं, का तर तिला झोप लागावी म्हणून. तिला रडू यायच्या आधी राग आला, कारण तिला दुसरं काही यायचंच नाही. तिला त्या सर्व्हरचा राग आला, त्या बटणाचा आला, तात्याबांचाही आला. कुणी सांगितलं होतं एवढी माया लावायला? कामाच्या ठिकाणी माणसानं कामापुरतं असावं की!

"मंग मला आधी नको का सांगायला! … मी इचारलंच न्हाई, व्हय, न्हाई इचारलं! … आता कुटं बसल्यात? … हौदाच्या कडंला. फोन? … खिशात घातला. बोलत न्हाईत कुणाशी? … प्रांजल, त्यांस्नी सांग … थांब. थांब, ठिवू नको. आमचं सर आल्यात."

दारात वीरधवल सर उभे होते. बाहेरच्या हॉलमध्ये सगळ्यांनी तिचं ओरडणं ऐकलेलं दिसत होतं. सरांनी पडद्याकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं, त्या पोचांच्या रांगेकडे पाहिलं आणि हळूच काहीतरी बोलले. राजनंदिनीने फोनवर हात धरला, पण तो नीट धरला गेला नाही.

"… हो सर, आटपाडी … हो, पोच त्यांनी दिली … नाही सर, केंद्राची चूक नाही. बटणावरचा शब्द माझा आहे … इंग्रजी ठेवलं असतं तर बटण दाबलंच नसतं त्यांनी, घंटा वाजत राहिली असती, कळतंय मला! सारखं तेच कशाला सांगताय? … वीज बघायची पेटी चुकीच्या तारेवर आहे, तीही माझीच चूक. लिहा काय लिहायचं ते. पण आधी दूध वाचू द्या. दूध चारवर आलं की मग माझ्यावर मीटिंग घ्या … नाही, आवाज चढवत नाही मी. माझा आवाजच असा आहे."

सर गेले. तिने फोन परत कानाला लावला.

"हॅलो, प्रांजल? … ऐकलंस? ऐकलंस ते बरं झालं. तात्याबांस्नी तेवढं सांग … तूच सांग? मी सांगते, दे मला … घेत न्हाईत? … बरं. आकडा किती झाला? … नऊ. हां, बरं चाललंय. आता नीट ऐक, हे महत्त्वाचं हाय. टँकर घेऊन केरबा येतोय, रस्त्यातच आसंल. त्यो लय घाईचा माणूस हाय. आल्या आल्या पाइप जोडतोय आणि दूध वडतोय. त्याला … हॅलो? … प्रांजल? त्याला वडू द्यायचं न्हाई! हॅलो? आगं चार व्हईस्तवर … हॅलो! ऐकू येतंय का? लिंबाखाली जा! प्रांजल!"

फोन मेला. तिने पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. केंद्राच्या फोनचंही तेच. केरबाला लावला. तो गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, आणि एरवी तिने त्याला त्याबद्दल शाबासकी दिली असती. नऊवरचं दूध टँकरमध्ये पडलं, तर आटपाडीहून उंब्रजपर्यंतच्या उन्हात ते फाटणारच होतं, मागच्या उन्हाळ्यासारखं. आता फक्त एक रस्ता उरला. केंद्रावरचं नेट अजून हिरवं होतं. तिने सर्व्हरवरून केंद्राच्या फोनवर मेसेज टाकला, स्वतःच्या बोटांनी, मोठ्या अक्षरांत: टँकर आला तरी चार होईपर्यंत दूध सोडू नका. केरबाला थांबवा.

मेसेज गेला. मेसेजच्या पुढे पोचेची चौकट उघडली, रिकामी.

ती चौकटीकडे बघत बसली. रात्रभर जो माणूस घटकेत पोच द्यायचा, त्याच्याकडून आता काही येत नव्हतं. मेसेज मिळाला की नाही? खिशातला फोन वाजला असेल का? जनरेटरच्या धडधडीत त्यांना ऐकू गेलं असेल का? आणि मग तिला आठवलं की बटणाला बोट लावायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं. अख्ख्या रांगेच्या समोर.

"द्या की पोच … आवं, एकदा द्या की, तात्याबा …" ती पडद्याला म्हणाली, आणि मग चिडून, "आता का देत न्हाई? आता काय झालं?"

चौकट रिकामीच राहिली. आठ झालं. सात झालं. शेजारच्या रकान्यात कूलरमधल्या दुधाची पातळी होती. केरबाने पाइप जोडला की ती उतरायला लागली असती. ती तिथल्या तिथं होती. सहा. केरबा आतापर्यंत नक्कीच पोचला असणार, हॉर्न वाजवत असणार, तोंडाचा पट्टा सोडलेला असणार. पातळी हलली नाही. पाच झालं, आणि पाचवर आकडा असा रेंगाळला की राजनंदिनीने त्याला दोन शिव्या घातल्या. वीरधवल सर मागे येऊन उभे राहिले होते.

मग चार झालं. ओळ हिरवी झाली. आणि तेव्हा, त्याच्या आधी नाही, दुधाची पातळी हळूहळू उतरायला लागली.

तिने झडप घालून फोन उचलला, केंद्राचा नंबर लावला, आणि या वेळी पलीकडे घंटी वाजली. कुणीतरी उचललाही. मागे टँकरचं इंजिन गुरगुरत होतं, कॅन वाजत होते, माणसं हसत होती.

"हॅलो? … हॅलो, तात्याबा? तुमीच हाय ना? … मिळाला व्हता का मेसेज? … आवं, बोला की. मिळाला व्हता ना? … तुमी केरबाला थांबवलं. दिसलं मला हितं. सगळं दिसलं … तात्याबा, मी काय म्हणते … मघाशी जे बोलले … हॅलो? … तुमी ऐकताय न्हवं? नुसतं व्हय म्हणा. नुसतं हुं म्हणा … हॅलो? …"

तात्याबांचा श्वास ऐकू येत होता, पोच तेवढी येत नव्हती. मग तोही थांबला, आणि पलीकडून फोन ठेवला गेला.